गांधीलमाश्या खरंच टोळी करून शिकार करतात का?

नेटवर एक व्हिडिओ सारखा फिरत असतो, वीस-पंचवीस अवाढव्य गांधीलमाश्या मधमाश्यांच्या एका पेटीवर तुटून पडल्यात आणि पेटीच्या खाली मेलेल्या मधमाश्यांचा खच पडलाय. तो बघितला की कुणालाही वाटणार की गांधीलमाश्या म्हणजे लांडग्यांसारख्या, कळप करून निघायचं, घेरायचं आणि संपवायचं. व्हिडिओ खोटा नाहीये, असं खरंच होतं. पण ते बघून सगळ्याच गांधीलमाश्यांबद्दल जे मत बनतं ते मात्र साफ चुकीचं आहे, कारण समाज करून राहणाऱ्या गांधीलमाश्यांच्या हजाराच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या एकेकट्याने शिकार करतात. टोळीने तुटून पडणाऱ्या जाती एका हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्यासुद्धा नाहीत.

मग या माश्यांना 'सामाजिक' का म्हणायचं? तर गंमत अशी आहे की त्यांचं सहकार्य शिकारीत नसतं, शिकारीच्या आधी आणि नंतर असतं. एकाच ऑफिसातली माणसं वेगवेगळ्या रस्त्यांनी वसुलीला जातात, कोण कुठे गेलंय याचा एकमेकांना पत्ता नसतो, पण संध्याकाळी पैसे एकाच गल्ल्यात पडतात, तसाच काहीसा प्रकार.

आधी साधी शिकार कशी चालते ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कागदासारखं घरटं करणारी पॉलिस्टीस गटातली माशी घ्या. ती झाडावर येते आणि पानांच्या कडेकडेने, कधी उडत कधी चालत, शिंगांनी म्हणजे अँटेनांनी चाचपत फिरते. कुरतडलेलं पान दिसलं किंवा त्याचा वास आला की तिथेच घुटमळते, कारण पान कुणी खाल्लंय म्हणजे खाणारा जवळच असणार. अळी सापडली की ती डंख मारत बसत नाही बरं का, हा एक मोठा गैरसमज आहे. अळीला डंखाने लुळी करून बिळात जिवंत साठवून ठेवणाऱ्या असतात त्या एकांड्या जाती. सामाजिक माश्या शिकार मारतात ती मुख्यतः जबड्याने, आणि नांगी राखून ठेवतात ती जास्त करून घरट्यावर कुणी आलं तर त्याच्यासाठी. तर ही माशी अळीला पुढच्या पायांत धरते, चावून मारते, आतड्याचा भाग बऱ्याचदा काढून टाकते (त्यात चावलेली पानंच भरलेली असतात, घरी नेऊन उपयोग काय) आणि उरलेलं मांस चावत चावत, पायांनी फिरवत फिरवत त्याचा ओला गोळा करते. हे काम काही मिनिटं चालतं आणि जवळून बघितलं तर गोळा हळूहळू गुळगुळीत होत जाताना दिसतो. अळी मोठी असेल तर एका खेपेत जमत नाही, मग एक तुकडा घेऊन निघताना ती उलटी वळते आणि जागेकडे तोंड करून हवेत डावी-उजवीकडे झोके घेत राहते, म्हणजे जागा पाठ करते, आणि थोड्या वेळाने बरोब्बर परत येते. पण परत येते ती एकटीच. घरून कुणाला घेऊन येत नाही.

घरट्यावर पोचल्यावर मात्र चित्र बदलतं. ती बसते न बसते तोच दोन-तीन जणी पुढे येतात, गोळ्याचे तुकडे करून घेतात, प्रत्येक जण आपापला तुकडा आणखी चावते आणि मग घरट्याच्या एकेका कप्प्यात डोकं घालून घरट्यातल्या अळ्यांना, म्हणजे गांधीलमाश्यांच्याच पिल्लांना, भरवत जाते. जिने शिकार केली तिच्या वाट्याला त्यातलं घन मांस येतच नाही, कारण प्रौढ गांधीलमाशीची कंबर इतकी बारीक असते की घन अन्न तिथून पोटात उतरू शकत नाही, ती पातळच पदार्थ पिऊ शकते, म्हणजे फुलातला मध, फळांचा रस, आणि चावताना मांसातून सुटलेलं पाणी. अळ्यांना मात्र मांस पचतं, आणि त्यांना भरवलं की त्या बदल्यात एक थेंब लाळ देतात जी प्रौढ माश्या लगेच पिऊन टाकतात. त्या लाळेत अमिनो आम्लं आणि साखर असते. जपानमध्ये मोठ्या गांधीलमाश्यांच्या अळ्यांच्या या लाळेवर बरंच संशोधन झालं आणि त्यातल्या अमिनो आम्लांच्या मिश्रणावरून खेळाडूंसाठी ड्रिंक पण निघालं. मला विचाराल तर सामाजिक गांधीलमाश्यांचं खरं सहकार्य हे इथे आहे, शिकार मोठ्यांनी करायची, पचवायचं लहानांनी, आणि त्याचा काही हिस्सा परत मोठ्यांना. हल्ल्याचे व्हिडिओ व्हायरल होतात, लाळेचे होत नाहीत, त्याला काय करणार.

आता प्रश्न येतो की शिकारीला कोणी जायचं हे कोण ठरवतं? राणी ठरवत असेल असं पटकन वाटतं. यावर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या टीमने रोपॅलिडिया मार्जिनाटा नावाच्या गांधीलमाशीवर कित्येक वर्षं काम केलंय. त्यांनी प्रत्येक माशीला रंगाचे ठिपके लावून कोण काय करतं ते तासन्तास बघितलं, आणि त्यात असं दिसलं की काही माश्या नुसत्या बसून असतात, काही सतत दुसरीला टोचत-दमदाटी करत असतात आणि काही बाहेरून अन्न आणतात. या जातीची राणी तर चक्क शांत असते, दमदाटीच्या भानगडीत फारशी पडत नाही. टोचाटोची चालते ती कामकरी माश्यांमध्येच, आणि गदगकरांच्या टीमचं म्हणणं असं आहे की हे टोचणं म्हणजे घरात भूक किती आहे याचा बाहेर जाणाऱ्यांना मिळणारा निरोप असावा. म्हणजे वरून कुणाचा हुकूम नाही, घरातली भुकेलेली मंडळीच बाहेर पिटाळतात.

पण बघा, यात 'जा' एवढंच आहे. 'कुठे जा' हे नाही.

मधमाशीशी तुलना केली की हे जास्त लक्षात येतं. मधमाशी फुलांचा ताटवा सापडला की पोळ्यावर येऊन नाच करते आणि त्या नाचातून दिशा आणि अंतर दोन्ही सांगते, हे सगळ्यांना माहितीये. गांधीलमाश्यांकडे असलं काही नाही. व्हेस्प्युला नावाच्या काळ्या-पिवळ्या माश्यांवर प्रयोग झालेत, त्यात एखादी माशी विशिष्ट वासाचं गोड पाणी घेऊन घरी गेली तर घरातल्या बाकीच्या बाहेर पडून त्याच वासाचं खाणं शोधतात, म्हणजे 'काय' मिळतंय ते वासावरून कळतं पण 'कुठे' ते कळत नाही, ते ज्याचं त्याने शोधायचं. दुसरी एक गोष्ट म्हणजे खाण्यावर आधीच कुणी माशी बसलेली दिसली की नवीन येणारी तिच्या शेजारी उतरते. मेलेल्या प्राण्यावर किंवा उघड्या मांसावर बघता बघता गर्दी होते ती यामुळे. बघणाऱ्याला वाटतं बोलावणं गेलं म्हणून आल्या, प्रत्यक्षात कुणी कुणाला बोलावलेलं नसतं, एकीला बघून दुसरी आली एवढंच. याच व्हेस्प्युलांबद्दल न्यूझीलंडमध्ये एक मजेशीर गोष्ट नोंदली गेलीये, खाण्यावर मुंग्या असतील तर माशी एकेक मुंगी जबड्यात उचलते, थोडं मागे उडत जाते आणि तिला हवेतून खाली सोडून देते. मुंगी मरत नाही, पण बाजूला पडते, तेवढ्यात माशी जेवून घेते. हे काम सुद्धा जी ती एकटीच करते.

बरं, निरोप देण्याची अक्कलच नाही असं म्हणावं तर तसंही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पॉलिबिया वगैरे जातींचा अख्खा थवा जेव्हा घर बदलतो तेव्हा पुढे गेलेल्या माश्या वाटेतल्या पानांवर, फांद्यांवर पोट घासून वासाच्या खुणा करत जातात आणि बाकीचा थवा त्या खुणा धरत मागून येतो. म्हणजे 'इकडून या' हे सांगायचं साधन अंगात आहे, ते घर बदलताना वापरतात आणि शिकारीला वापरत नाहीत. का?

उत्तर शिकारीत आहे, शिकाऱ्यात नाही. एक अळी, एक माशी, एक कोळी. सापडली की तिथल्या तिथे संपली. घरी जाऊन चार जणींना सांगून घेऊन येईपर्यंत तिथे काय असणार, नुसतं पान. शिवाय अळ्या विखुरलेल्या असतात त्यामुळे जितक्या जणी वेगवेगळ्या दिशांना जातील तितकं घराला जास्त मिळणार, एकाच जागी सगळ्या गेल्या तर उलट तोटाच. बोलावून आणणं फायद्याचं कधी ठरेल, तर शिकार प्रचंड मोठी असेल, जागा सोडून जाणार नसेल, आणि एकटीला ती झेपत नसेल तेव्हा. या तिन्ही अटी पुऱ्या करणारी एक गोष्ट म्हणजे दुसऱ्या सामाजिक कीटकांची वसाहत. हजारो अळ्या, कोष, एका जागी, आणि दारावर पहारा.

इथे येते ती व्हेस्पा मँडरिनिया, जगातली सगळ्यात मोठी गांधीलमाशी. पूर्व आशियात जपान, कोरिया, चीनपासून खाली हिमालयाच्या भागापर्यंत आढळते, कामकरी माशी तीन-चार सेंटिमीटरची, राणी पाच सेंटिमीटरपर्यंत जाते. जपानी संशोधक मात्सुउरा आणि साकागामी यांनी 1973 साली तिच्या हल्ल्याचं तपशिलात वर्णन केलं आणि त्याचे तीन टप्पे सांगितले, ते आजही तसेच वापरले जातात.

पहिला टप्पा साध्या शिकारीचा. एकेक माशी मधमाश्यांच्या पोळ्यापाशी येते, दारावरची एक मधमाशी उचलते, जवळच्या फांदीवर लटकून तिचं डोकं, पंख, पाय, पोट तोडून टाकते, छातीच्या मांसाचा गोळा करते आणि घरी जाते. पुन्हा येते. इथपर्यंत ती बाकी सगळ्या गांधीलमाश्यांसारखीच आहे, एकटी येणारी, एकटी जाणारी.

मग कधीतरी एकाच घरट्यातल्या तीन किंवा जास्त माश्या एकाच पोळ्यावर जमतात आणि वागणं अचानक बदलतं. हा दुसरा टप्पा, कत्तलीचा. आता कुणी मांस घरी नेत नाही. माशी समोर येईल त्या मधमाशीला जबड्यात धरते, चावते, टाकते, पुढची. एक गांधीलमाशी मिनिटाला चाळीसपर्यंत मधमाश्या मारू शकते, आणि वीस-तीस जणी मिळून तीस हजार युरोपियन मधमाश्यांची वसाहत काही तासांत संपवतात. यात नांगी जवळपास वापरतच नाहीत, सगळं जबड्याने. विचार करा, शिकारी प्राणी खायचं सोडून नुसता मारत सुटलाय, आणि पोटासाठी तर हे सगळं चाललंय. पण हिशोब बरोबर आहे, कारण प्रौढ मधमाश्या हे त्यांचं लक्ष्यच नाही, त्या फक्त दारावरच्या अडचणी आहेत. लक्ष्य आत आहे.

तिसरा टप्पा ताब्याचा. पोळं शांत झालं की गांधीलमाश्या आत शिरतात आणि पुढचे कित्येक दिवस मधमाश्यांच्या अळ्या आणि कोष काढून घरी वाहतात. या काळात त्या पोळ्याचं रक्षण स्वतःच्या घरट्यासारखं करतात, कुणी जवळ गेलं तर अंगावर येतात. एरवी घरट्यापासून लांब असलेली गांधीलमाशी सहसा भांडत नाही, पळून जाते, पण ताबा घेतलेल्या पोळ्यावर तिचं वागणं वेगळंच असतं.

आता मुख्य मुद्दा, या तीन-चार जणी एकत्र जमतात कशा? नाच नाही, मागे घेऊन येणं नाही. 1995 साली मासातो ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधून काढलं. एकट्या शिकारी माशीला पोळं चांगलं वाटलं की ती पोटाच्या टोकाजवळची, खालच्या बाजूला असलेली एक ग्रंथी पोळ्याच्या आसपास घासते. व्हान डर व्हेख्त नावाची ही ग्रंथी. तिच्यातला वास तिथे चिकटून राहतो आणि त्याच घरट्यातल्या दुसऱ्या शिकारी माश्या तो वास धरून तिथे येतात. बस, एवढंच. खाण्याच्या जागेवर अशी वासाची खूण करणं सामाजिक गांधीलमाश्यांमध्ये त्याआधी कुणाला माहितीच नव्हतं. पुढे तिची जवळची नातलग व्हेस्पा सोरोर हिच्यातही असाच प्रकार दिसला.

म्हणजे बघा, ज्याला आपण लष्करी हल्ला म्हणतो त्यात सेनापती नाही, घेरण्याची योजना नाही, एकीने हाकायचं आणि दुसरीने पकडायचं असली कामाची वाटणी नाही. प्रत्येक माशी आपापली मारते. सहकार्य आहे ते दोनच गोष्टींत, एकीने खूण करून ठेवली आणि बाकीच्या त्या खुणेवर आल्या, आणि जमल्यावर सगळ्यांनी एकदम 'घरी नेणं' बंद करून 'मारणं' सुरू केलं. कुणी म्हणेल याला कसलं सहकार्य म्हणायचं, पण मला वाटतं म्हणायला हवं, कारण एकटीने हे करायचं म्हटलं तर दारावरच तिचा निकाल लागू शकतो.

आणि तसा निकाल लावणाऱ्या मधमाश्या आहेत. आपल्याकडची सातेरी मधमाशी ज्या जातीची, त्याच जातीची जपानी मधमाशी आहे आणि तिला गांधीलमाशीच्या त्या खुणेचा वास ओळखता येतो. वास आला की दारावर पहारेकरी वाढतात, आणि गांधीलमाशी आत आली रे आली की पाचशेच्या वर मधमाश्या एका झटक्यात तिच्याभोवती लपेटून तिचा गोळा करतात. मग सगळ्या मिळून उडायचे स्नायू थरथरवतात, त्याने गोळ्याच्या आतलं तापमान 46-47 अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि आतमध्ये कार्बन डायऑक्साइडही साचतो. गांधीलमाशीला ते सोसत नाही, मधमाशीला त्याहून थोडं जास्त सोसतं. फरक इतका थोडा आहे आणि त्या थोड्या फरकावर अख्खी वसाहत वाचते. नीट बघितलं तर मधमाश्या टोळीशी लढतच नाहीत, त्या टोळी बनूच देत नाहीत. खूण करणारी पहिली माशीच मारली गेली तर पुढचं सगळं तिथेच थांबू शकतं.

व्हिएतनाममध्ये याच जातीच्या मधमाश्या व्हेस्पा सोरोरविरुद्ध अजून एक उपाय करतात, जनावरांचं शेण तोंडात आणून पोळ्याच्या दाराभोवती ठिपके ठिपके लावतात. 2020 साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की असे ठिपके जास्त असले की गांधीलमाश्या दारावर उतरायला आणि दार कुरतडायला कचरतात. सोरोरच्या त्याच ग्रंथीचा अर्क दाराशी ठेवला तर माशी प्रत्यक्ष आलेली नसतानाही मधमाश्या ठिपके लावायला लागतात. युरोपियन मधमाश्या अशा गांधीलमाश्यांच्या शेजारी कधी वाढल्याच नाहीत, त्यामुळे त्या एकेकट्या दारावर लढायला येतात आणि एकेकट्या मरतात. व्हायरल व्हिडिओत बहुतेक वेळा याच असतात.

इथे एक घोळ हमखास होतो. युरोपात 2004 च्या सुमारास फ्रान्समधून पसरलेली व्हेस्पा वेलुटिना ही आशियाई गांधीलमाशी पण मधमाश्यांच्या पेट्यांसमोर गर्दी करते आणि लोक तिलाही टोळीने शिकार करणारी म्हणतात. ती पेटीसमोर हवेत एका जागी तरंगत उभी राहते आणि परतणाऱ्या मधमाशीला वरच्यावर झेलते. दहा माश्या तरंगत असल्या तरी दहा वेगवेगळ्या शिकारी चाललेल्या असतात, जागा चांगली म्हणून सगळ्या तिथे, बाकी संबंध नाही. उलट व्हेस्पा ट्रॉपिका एकटी येऊन रोपॅलिडियासारख्या छोट्या गांधीलमाश्यांचं अख्खं घरटं रिकामं करून जाते, घरच्या माश्या बाजूला पळून बसतात आणि ही एकेक कप्पा उघडून अळ्या काढते. वसाहत लुटायला टोळी लागतेच असं नाही, दारावर पहारा किती भक्कम आहे त्यावर ते ठरतं.

मँडरिनियाचे हे हल्ले वर्षभर होत नाहीत, उन्हाळा संपत आला की सुरू होतात आणि शरद ऋतूत जोर धरतात. कारण तेव्हा घरट्यात पुढच्या वर्षीच्या राण्या आणि नर वाढत असतात, त्यांना प्रोटीन भरपूर लागतं, आणि एकेक अळी शोधून ते पुरं पडत नाही. अमेरिकेत हे फार जवळून बघायला मिळालं. तिथे वॉशिंग्टन राज्यात 2019 च्या शेवटी ही माशी पहिल्यांदा सापडली आणि सरकारी कीटकतज्ज्ञ घरटं शोधायच्या मागे लागले. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांनी काही शिकारी माश्या जिवंत पकडल्या, दात साफ करायच्या दोऱ्याने त्यांच्या अंगावर छोटे रेडिओ ट्रॅकर बांधले आणि सोडून दिल्या. शिकारी माशी कितीही लांब गेली तरी माल टाकायला घरीच जाणार, यावरच सगळी भिस्त होती, आणि तसंच झालं, कॅनडाच्या सीमेजवळच्या ब्लेन गावापाशी एका झाडाच्या पोकळीत घरटं सापडलं. एरवी ही जात जमिनीखाली घरटं करते. व्हॅक्युमने माश्या ओढून घेतल्या, नंतर झाड कापून घरटं उघडलं तर आत वेगवेगळ्या अवस्थांतले मिळून 500 च्या आसपास जीव निघाले, आणि त्यात जवळपास 200 राण्या होत्या. पुढच्या वर्षी आणखी घरटी सापडली, तीही काढली, आणि त्यानंतर बराच काळ एकही माशी दिसली नाही म्हणून डिसेंबर 2024 मध्ये ही जात अमेरिकेतून संपल्याचं जाहीर झालं.